सतरा वर्षांवरील महिला

स्केटिंगच्या स्पर्धेत सकाळी सगळ्यात आधी सगळ्यात लहान मुलींचा गट असतो. चमचमते फ्रॉक, घट्ट बांधलेले अंबाडे, आयांनी गालांवर लावलेली लाली. त्या इतक्या असतात की एका गटाचे तुकडे करावे लागतात. मग त्यांच्याहून मोठ्या, मग त्यांच्याहूनही मोठ्या. ज्यांच्या मुलींचं झालं ते आईबाप फोटो काढून जेवायला निघून जातात. चौदा ते सतरा या गटात दहावी-बारावी येते, क्लास येतात, त्यामुळे मुली बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. सगळ्यात शेवटी, मांडववाले खुर्च्या उचलायला आत आलेले असताना, माइकवरून पुकारतात, ‘सतरा वर्षांवरील महिला’. बहुतेक वर्षी पुकारतही नाहीत.

त्या गटाबद्दल मला लिहायचं आहे. कारण त्या गटाने माझं जे घेतलं ते मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

पुण्यात बर्फ नाही. आमच्याकडे फिगर स्केटिंग चार चाकांवर होतं, महापालिकेच्या बागेतल्या गुळगुळीत फरशीवर. गिरक्या त्याच, उड्या त्याच, पडलं की लागतंही तितकंच. माझी मुलगी सहा वर्षांची असताना शेजारणीच्या मुलीबरोबर तिथे गेली आणि परत आली ती सरांची फी विचारूनच.

मी मूळची यवतमाळकडची. लग्न होऊन पुण्यात आले. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा आणि मी बुधवार पेठेत एका दुकानात बल्बची खोकी लावायचे. आज त्याच गल्लीत माझं स्वतःचं दिव्यांचं दुकान आहे. कुणी दिलेलं नाही. इतरांनी बिनखपाचा म्हणून टाकलेला माल मी उचलला आणि विकला. एक गोष्ट मी त्या गल्लीत शिकले. समोरचा भाव सांगतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. तोंड सरावलेलं असतं, हात सरावलेले नसतात. त्या एका शिकवणीवर मी दुकान उभं केलं. माझा राग मात्र मला कधीच आवरता आला नाही. राग आला की माझी वऱ्हाडी बाहेर येते, आणि पुण्याची माणसं ती ऐकून जी बारीक हसतात, त्याने राग आणखी वाढतो.

मुलगी दहा-अकरा वर्षांची होती तेव्हा ती फरशीवरून अशी उडायची की बाकावरच्या आया बोलणं थांबवायच्या. हाडं हलकी, कंबर नाही, छाती नाही. हवेत दीड गिरकी घेऊन ती खाली यायची आणि चाकांचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. त्या वयात तिला पदकं मिळाली. चौदाव्या वर्षी तिचं अंग भरलं आणि उड्या गेल्या. एका उन्हाळ्यात गेल्या. तीच मुलगी, तेवढीच मेहनत, पण हवेत गेली की गिरकी पुरी व्हायच्या आत खाली यायची. ती रोज पडायची आणि रोज गुडघ्यांना हळद लावायची.

सर मला म्हणाले, “ताई, थोडं वजनाकडे बघा.”

मी म्हटलं, “सर, ते वजन नाही. वय आहे ते.”

“वयावर उपाय नाही,” सर म्हणाले. “वजनावर आहे, म्हणून सांगितलं.”

सर असेच बोलतात. केस पांढरे झालेत, गळ्यात शिट्टी, एका वाक्यापेक्षा जास्त बोलणं म्हणजे त्यांना फुकट काम वाटतं. त्यांनी पुण्यात मुलींच्या दोन पिढ्या चाकांवर उभ्या केल्या. त्यांच्याबद्दल लोक आदराने बोलतात. मीही बोलायचे.

दहावीला मुलीने वर्षभर स्केट्स माळ्यावर टाकले, बारावीला पुन्हा टाकले. चौदा-सतराच्या गटात तिची राज्य स्पर्धेची निवड एका जागेने हुकली. मला वाटलं, संपलं. पण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तिने स्केट्स खाली काढले, चाकांना तेल दिलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“आई, मला एकदा महिलांच्या गटात खेळायचंय. आणि तिथून राज्य स्पर्धेला जायचंय. एकदाच.”

“आता कशाला? उड्या येतात का?”

“थोड्या येतात. नव्या पद्धतीने. लहान असताना येत होत्या तशा नाही येणार, पण येतील.” मग तिने मोबाइलवर काहीतरी काढून मला दाखवलं. बर्फावर नाचणाऱ्या मुली होत्या, परदेशातल्या. “त्यांच्याकडे आता सतरा पूर्ण झाल्याशिवाय महिलांमध्ये घेतच नाहीत. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींना मोठ्यांत उतरवून वाट लावायचे, म्हणून नियम बदलला. तिथे सतराला सुरू होतं, आई. इथे सतराला सगळ्या घरी बसतात.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त खेळायचं होतं. आणि माझ्याकडे तिने आयुष्यात फार कमी गोष्टी मागितल्या होत्या.

मी सचिवांना भेटायला गेले. हे शहराच्या स्पर्धा भरवणारे गृहस्थ. बँकेतून निवृत्त झालेले, टेबलावर सगळ्या वस्तू सरळ रेषेत ठेवणारे.

“महिला गट?” ते म्हणाले. “अहो बाई, तीन नावं असतील तर गट. दोन असतील तर नाही. एका मुलीने एकटीने पहिलं येऊन काय करायचं? माझ्या बायकोलाही मग घरातल्या घरात पहिला नंबर देता येईल.”

“आणि तीन आल्या तर?”

“आल्या तर घेऊ. गेली काही वर्षं आल्या नाहीत.”

“पहिली आली तर राज्य स्पर्धेला जाणार?”

“पहिली जाणार. एकच. तीन मुलींच्या गटातून दोन पाठवायच्या म्हणजे ती निवड नव्हे, सहल झाली.”

माझी मुलगी एक. दुसरी मिळाली लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकणारी, वसतिगृहात राहणारी. ती पूर्वी सरांकडेच होती. तिने फोनवरच हो म्हटलं आणि खरं म्हणजे ती किती वाईट खेळते हे माझ्या मुलीला माहीत होतं. मग राहिली तिसरी.

तिसरीसाठी मी पुण्यात जी वणवण केली तेवढी मी दुकानाच्या पहिल्या गाळ्यासाठीही केली नव्हती. मुलीच्या जुन्या मैत्रिणींची घरं मला माहीत होती. त्यांच्या आयांबरोबर मी त्या बाकांवर वर्षानुवर्षं बसले होते, डबे वाटून खाल्ले होते. एकीची मुलगी सीए करत होती. एकीची हिंजवडीला नोकरीला लागली होती आणि शनिवार-रविवार फक्त झोपायची. एक आई दारातूनच म्हणाली, “आता तिचं बघतोय आम्ही. अशात फ्रॉक घालून नाचताना कुणी फोटो टाकला तर?” आणि सदाशिव पेठेतल्या एका बाईने तर कमालच केली. “पदकं शोकेसमध्ये आहेत, मुलगी ऑफिसात आहे,” ती म्हणाली. “आपल्याला नक्की काय न्यायचंय?”

मी जिना उतरताना मोठ्याने म्हणाले, “पोरीले पदकासारखंच शोकेसमध्ये ठेव वं माय!” वरचं दार धाडकन लागलं.

शेवटी मी सरांना विचारलं. रिंकच्या कठड्याला टेकून ते लहान मुलींना पुढे-मागे चालवत होते. मी म्हटलं, “सर, मला तिसरी हवी आहे. कुठूनही.”

सरांनी एका पोरीचा हात धरून तिला सरळ केलं. मग त्यांनी हनुवटीने पलीकडच्या बाकाकडे दाखवलं. “ती बसली आहे ना, पिवळी ओढणी. लग्नाआधी माझ्याकडे होती.”

तिथे एक बाई बसली होती. तिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, मांडीवर पाण्याची बाटली आणि छोटं दप्तर. तिची मुलगी सरांच्या सगळ्यात लहान बॅचमध्ये पडत-उठत होती.

“ही? हिला मूल आहे, सर.”

“सतराच्या वर कितीही चालतं,” सर म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. गिऱ्हाइकाला पूर्ण वस्तू कधी विकायची नसते. आधी हातात धरायला द्यायची. मी तिला स्पर्धेबद्दल काही बोलले नाही. तिची मुलगी छान करते म्हणाले, मग तिचे स्वतःचे स्केट्स कुठे आहेत विचारलं. ती हसली. कसबा पेठेत सासरी माळ्यावर असतील, म्हणाली, की टाकून दिले कोण जाणे. मी म्हटलं, बघा तर. दुसऱ्या दिवशी ती ते घेऊन आली. कातडं तडकलेलं, लेस पिवळी. मी म्हटलं, पाय जातो का बघा. पाय गेला. मग मी म्हटलं, एक फेरी मारा, मी दप्तर धरते.

ती एक फेरी मारून आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. तिने डोळे पुसले आणि घाम आहे असं म्हणाली.

तेव्हा मी तिला स्पर्धेचं सांगितलं.

“छे हो ताई! लोक हसतील. माझी मुलगी सकाळी खेळणार आणि मी संध्याकाळी? सासूबाई घरात घेतील का मला?”

“नुसतं नाव द्या. फरशीवर उभ्या राहा, जमेल तेवढं करा, खाली या. तुम्ही जिंकायला येत नाही. माझ्या मुलीसाठी गट व्हायला हवा एवढंच आहे.”

“उड्या नाही जमणार आता मला.”

“नका मारू.”

फरशीवर पडलेल्या मुलीला तिने हातानेच उठ म्हणून खूण केली. मग म्हणाली, “फिगर असेल तर येईन.”

फिगर म्हणजे फरशीवर एकमेकांना चिकटून रंगवलेली मोठी वर्तुळं. संगीत नाही, उड्या नाहीत. एका पायावर राहून त्या रेषेवरून पूर्ण गोल जायचं, जोडावर पाय बदलायचा आणि दुसऱ्या गोलावरून परत यायचं. चाक रेषेवरून हललं की गुण गेला, दुसरा पाय टेकला की गुण गेला. या खेळाचं नाव त्यावरूनच पडलं आहे, असं सर म्हणतात. आताच्या मुलींना ते कंटाळवाणं वाटतं. माझी मुलगी ते करायची, पण दात घासल्यासारखं.

मी पुन्हा सचिवांकडे गेले. या भेटीची मला आजही मजा वाटते, म्हणून सांगते. मी गेल्या गेल्या म्हटलं, महिलांचा गट सकाळी घ्या. त्यांनी चष्मा काढला. सकाळी कसं शक्य आहे, लहान मुलींचे आईबाप मला फाडून खातील. मी अर्धा तास त्यावरच भांडले. मला सकाळ नकोच होती, पण ते त्यांना माहीत नव्हतं. ते पुरते दमले तेव्हा मी म्हटलं, “बरं, सकाळ सोडते. शेवटी घ्या. पण मग फिगर ठेवा.”

“मोठ्या गटात फिगर आम्ही बंद केली आहे. परीक्षकांना संध्याकाळी घरी जायचं असतं.”

“मी सकाळ सोडली ना? तुम्ही काय सोडता?”

त्यांनी समोरचं पेन उचललं, पुन्हा सरळ रेषेत ठेवलं, पुन्हा उचललं. मला कळलं, झालं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “फिगर आणि संगीतावरचं, दोन्हींचे गुण एकत्र. पण एक जरी मुलगी आली नाही तर गट रद्द. मग माझ्याशी भांडायला यायचं नाही.”

मी जिंकून बाहेर आले. हवी ती अट पदरात पाडून. त्या दिवशी दुकानात मी सगळ्यांना चहा पाजला.

पुढचे आठवडे ती बाई रोज यायची. तिच्या मुलीचा वर्ग सुरू झाला की ही ओढणी कमरेला बांधून कोपऱ्यातल्या वर्तुळावर जायची. मला दुकानामुळे फार जाता यायचं नाही. मुलगी घरी येऊन सांगायची, “आई, आजही आली होती.” मला बरं वाटायचं. तिसरी पळून जाणार नाही, एवढीच मला काळजी होती. माझी मुलगी उड्यांच्या मागे होती. दोन उड्या तिला पुन्हा यायला लागल्या होत्या. मोठ्या अंगाच्या, वेगळ्या, जमिनीला जोर देऊन मारलेल्या. मी एकदा पाहिल्या आणि मला वाटलं, लहानपणी ती वाऱ्याने उडायची, आता स्वतःच्या ताकदीने उडते. सर तिला काही बोलायचे नाहीत. फिगर घोट, असंही म्हणाले नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी तिघीही आल्या. लोणीची मुलगी बसने मैत्रिणीला घेऊन आली. कसब्याची बाई सकाळी तिच्या मुलीचा गट उरकून, तिला नवऱ्याबरोबर घरी पाठवून थांबली होती. संध्याकाळ व्हायला लागली, मांडववाले आले, स्टँडमध्ये आम्ही पाच-सात माणसं उरलो. परीक्षकांचे चेहरे आंबलेले. माइकवरून नाव पुकारलं गेलं आणि माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. गट झाला होता. तेवढ्यासाठी मी तिच्याकडे बघून हात वर केला.

आधी फिगर. लोणीची मुलगी पहिल्याच गोलात रेषेवरून गेली आणि हसून परतली. माझ्या मुलीने पहिला गोल नीट केला, पण पाय बदलून परत येताना तिचा दुसरा पाय टेकला. एकदाच. तिने ओठ चावला.

मग ती बाई आली. निळा जुना पोशाख, दोन्ही बगलांत नवं कापड जोडून रुंद केलेला. स्टँडमध्ये कुणीतरी दबून हसलं. तिने वर्तुळाच्या जोडावर पाय ठेवला, एकदा खाली पाहिलं आणि स्वतःला पुढे ढकलून दिलं.

मी हा खेळ बारा वर्षं पाहिला होता आणि असं काही पाहिलं नव्हतं. ती जात होती असं वाटतच नव्हतं, रेषा तिच्याखालून सरकत होती. घाई नाही, डगमग नाही. परीक्षक वाकून तिच्या चाकांमागे चालत होते, आणि एका टप्प्यावर ते वाकायचे थांबले, नुसते चालत राहिले. दोन्ही गोल झाले. ती जिथून निघाली होती तिथे येऊन थांबली.

मी सरांकडे पाहिलं. तोंडावर नेहमीचा कोरडेपणा. पण त्यांनी दोन्ही हातांनी कठड्याची नळी धरली होती, इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी झाली होती. ते हात पाहून मला सगळं कळलं.

संगीतावर माझी मुलगी चांगली खेळली. एक उडी नीट उतरली. दुसऱ्या उडीला हात टेकावा लागला. त्या बाईने उडी मारलीच नाही. नुसत्या गिरक्या, लांब लांब वळणं, आणि शेवटी धापा टाकत उभी राहिली. गुण एकत्र केले तेव्हा ती पहिली आली आणि माझी मुलगी दुसरी. अंतर थोडं होतं. थोड्या अंतराने हरलं की जास्त लागतं, हे कुणी सांगायला नको.

मुलगी तिच्याकडे गेली, तिला मिठी मारली. मी सरांकडे गेले.

“तुम्हाला माहीत होतं!”

“काय?”

“ती कशी खेळते ते. तुम्हाला माहीत होतं सगळं! मले काहून नाही सांगितलं?”

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. “तुम्ही तिसरी मागितलीत,” ते म्हणाले. “कशी हवी, ते बोलला नाहीत.”

“माझ्या पोरीला बारा वर्षं शिकवलं तुम्ही!”

“तिला पण शिकवलं होतं,” सर म्हणाले. “लग्न ठरलं आणि पुढच्याच महिन्यात बंद केलं तिने. तिचं पाहायचं राहिलं होतं.”

आणि ते दिवे बंद करायला निघून गेले. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. रस्त्यात दिसले तर मी दुसऱ्या बाजूने जाते.

घरी येताना स्कूटरवर मागे बसलेली मुलगी म्हणाली, “आई, ती खरंच भारी खेळली गं.”

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

पण मी अजून हरले नव्हते. राज्य स्पर्धा दूरच्या गावी होती, चार-पाच दिवसांची. कसब्यातल्या सासूला, नवऱ्याला आणि लहान मुलीला सोडून ही बाई जाणार नाही हे मला दिसत होतं. तिने माघार घेतली असं लिहून दिलं, तर माझी मुलगी जाणार. सचिवांना विचारून मी खात्री केली. मुदतीच्या आत लिहून द्यायला हवं, एवढंच ते म्हणाले.

मी तिच्या घरी गेले. कसब्यात गल्लीत स्कूटर जात नाही, ती बाहेर लावून चालत गेले. खाली नवऱ्याचं फोटोफ्रेमचं दुकान, वर घर. सासूबाई बाहेरच्या खोलीत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मी विषय काढायच्या आत ती मला दूध आणायच्या निमित्ताने खाली गल्लीत घेऊन आली.

“त्यांना माहीत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे खेळले ते माहीत आहे. पहिली आले ते नाही सांगितलं.”

“का?”

“मग पुढचं विचारतील ना.”

मी म्हटलं, “हे बघा, तुम्हाला जाता येणार नाही. ऑपरेशन आहे. मुलगी लहान आहे. मग जागा फुकट कशाला घालवायची? दोन ओळी लिहून द्या. माझी मुलगी जाईल.”

“हो,” ती म्हणाली. “बरोबर आहे तुमचं.”

“मग लिहा.”

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “शेवटच्या दिवसापर्यंत थांबू का ताई? ऑपरेशनची तारीख पुढे गेली तर... माझी बहीण येऊन राहिली तर... काही सांगता येत नाही.”

“तारीख पुढे जाणार नाही. तुम्हालाही माहीत आहे ते.”

“हो.”

“मग?”

“पण मी स्वतःच्या हाताने लिहून नाही देणार.”

मी सगळं केलं. गोड बोलले. तिच्या मुलीला पुढची सगळी वर्षं माझी मुलगी फुकट शिकवेल, म्हणाले. माझ्या मुलीचं वय सांगितलं, कॉलेज सुरू झालं की नोकरीच्या मुलाखती सुरू होतील, तिच्याकडे हे एकच वर्ष आहे, म्हणाले. तिने सगळं ऐकलं, प्रत्येकाला हो म्हटलं आणि जागची हलली नाही. हात बघावेत तर हातही स्थिर. अशा गिऱ्हाइकाला काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी ओरडले. “मी उभं केलं तुम्हाले! माळ्यावरून खाली मी आणलं!”

“हो ताई,” ती म्हणाली. “तुम्हीच आणलंत.”

वरून खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, “कोण गं ओरडतंय? काही विकायला आलीय का ती?”

मी तिथून निघाले. घरी मुलीला कळलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, “आई, परत तिच्याकडे जाऊ नकोस. मला लाज वाटते.” तिला माझी लाज वाटत होती. तिच्यासाठी हे सगळं मी करत होते.

मुदत संपली. तिने लिहून दिलं नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं आणि ती गेली नाही. राज्य स्पर्धेत महिलांच्या गटात पुण्याची जागा रिकामी राहिली. ना ती, ना माझी मुलगी. एवढी ओढाताण करून आम्ही दोघींनी मिळून एक रिकामी जागा पाठवली.

माझ्या मुलीने त्यानंतर महिनाभर सराव केला, कशासाठी ते मला माहीत नाही. मग कॉलेज सुरू झालं. मग मुलाखती. तिला चांगली नोकरी लागली, सगळे पेढे मागायला आले. मी वाटले.

पुढच्या वर्षी एका दुपारी दुकानात फोन वाजला. तीच होती.

“ताई, ठेवू नका. यंदा मला जमेल. सासूबाई आता जिने चढतात. घरी सगळं सांगितलंय मी, अगदी सगळं. जा म्हणाल्या. पण नावं नाहीत. लोणीची मुलगी गावी परत गेली. मी चार घरं फिरले.” मग तिने विचारलं, “तुमची येईल का? ती आली तर तिसरी मी कशीही आणते.”

माझ्या तोंडावर बरंच काही आलं होतं. वर्षभर मी ते जमवून ठेवलं होतं. पण चार घरं फिरले, असं ती म्हणाली, आणि ती घरं, ते जिने, ती दारं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी फक्त “विचारते” म्हटलं.

संध्याकाळी मुलगी लॅपटॉप लावून बसली होती. मी सांगितलं. तिने कानातला हेडफोन काढला, ऐकलं आणि “नको” म्हणाली.

“का नको? तुझ्या उड्या येत होत्या.”

“आता नाही येत.”

“मग नुसती फिगर कर. उभी राहा, जमेल तेवढं कर. गट तरी होईल. आणि या खेपेला तू तिला...”

“आई,” ती म्हणाली, “मी स्केट्स केव्हाच रिंकवर देऊन आले. तुला सांगायचं राहिलं.”

मी पुन्हा सुरुवात केली. वेगळ्या बाजूने, मग आणखी वेगळ्या बाजूने. मी कुणाच्या वतीने घासाघीस करतेय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तिने हेडफोन पुन्हा कानात घातला होता आणि कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती.

मी त्या बाईला फोन करून नाही म्हणून सांगितलं. “बरं ताई,” ती म्हणाली. “दुसरीकडे बघते.”

स्पर्धा झाल्यावर मी सचिवांना फोन लावला. कशाला लावला, मला सांगता येणार नाही. महिला गट झाला का, विचारलं. नाही झाला, ते म्हणाले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एकच प्रवेशिका आली, एकच नाव, आणि नियमाप्रमाणे ती परत करावी लागली.

कुणाची, ते मी विचारलं नाही.